दहा इंच कुठून आणायचे?

लातूरहून एका आर्किटेक्ट ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून त्याचा गोषवारा देते.

वय ३६. स्वतःच्या ऑफिसला नऊ वर्षं झाली. माणसं चार: त्या स्वतः, पुण्याहून नुकताच शिकून आलेला एक ज्युनिअर आणि दोन ड्राफ्ट्समन. त्यातले एक काका पन्नाशीच्या पुढचे, ट्रेसिंग पेपरच्या काळापासून या धंद्यात. कामं बंगल्यांची, खाली दुकानं वर घर अशी, क्लासेसची, होस्टेलची. ड्रॉइंग सगळं ऑटोकॅडवर, थ्रीडी स्केचअपमध्ये. गेल्या वर्षी एका डॉक्टरांच्या हॉस्पिटलचं काम मिळता मिळता पुण्याच्या फर्मला गेलं. त्या लोकांनी लॅपटॉपवर आख्खं हॉस्पिटल आतून-बाहेरून फिरवून दाखवलं. ताई चार व्ह्यूंचे प्रिंट घेऊन गेल्या होत्या. तेव्हापासून त्यांनी मनाशी घेतलंय की पॅरामेट्रिक सॉफ्टवेअर, म्हणजे एक माप बदललं की त्याला जोडलेली मापं आपोआप बदलणारं, घेतल्याशिवाय आता टिकाव नाही. पण कोणतं? पुण्यातली कॉलेजची मैत्रीण म्हणते रेव्हिट. विक्रेता म्हणतो आर्किकॅड. ज्युनिअर म्हणतो खरं पॅरामेट्रिक म्हणजे रायनो आणि ग्रासहॉपर, बाकी सगळी भिंती काढायची यंत्रं. एक जण पाच हजारांत ‘सगळं टाकून देतो’ म्हणतोय. सासरे ठेकेदार आहेत. त्यांचं म्हणणं, एवढा पैसा सेंटरिंगच्या (स्लॅब ओतताना खाली लावायच्या) प्लेटांत घातला तर भाड्यातून कधीच वसूल होईल. शिवाय या वयात काकांना हे जमणार नाही, मग त्यांचं करायचं काय, हीही काळजी आहे.

ताई,

हॉस्पिटल हातचं गेल्याचा सल कळतो. पण ते सॉफ्टवेअरपायी गेलं हे तुम्हाला सांगितलं कोणी? तुमच्या चार पानी पत्रात डॉक्टरांचं स्वतःचं एकही वाक्य नाही. तुमच्या जागी मी असते तर वर्ष उलटलं तरी एकदा फोन केला असता: ‘डॉक्टरसाहेब, राग बिलकुल नाही, शिकायचं म्हणून विचारते. काम तिकडे का दिलंत?’ कदाचित म्हणतील, ते फिरवून दाखवणं आवडलं. कदाचित म्हणतील, त्या लोकांनी आधी हॉस्पिटलं केली होती. ऑपरेशन थिएटरचा एसी, ऑक्सिजनची लाइन, फायरची एनओसी यांवर त्यांची उत्तरं तयार होती. दुसरं उत्तर आलं तर तुम्हाला सॉफ्टवेअरची नाही, हॉस्पिटलं केलेल्या एखाद्या कन्सल्टंटशी हातमिळवणी करायची गरज आहे.

आणि पहिलं उत्तर आलं, तरी फिरवून दाखवणं ही निराळी कला आहे. तिचा पॅरामेट्रिकशी काडीचा संबंध नाही. तुमच्या आत्ताच्या स्केचअप मॉडेलवरून एन्स्केप, ल्युमियन, डी-५ किंवा ट्विनमोशनमध्ये तेच करता येतं. ट्विनमोशन तर वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत उलाढाल असलेल्यांना २०२४ पासून फुकट आहे, आणि लातुरात ती रेषा ओलांडलेलं आर्किटेक्टचं ऑफिस मी तरी पाहिलेलं नाही. बरं ग्राफिक कार्ड असलेला एक संगणक आणि ज्युनिअरचे पंधरा दिवस, एवढ्यात पुढच्या डॉक्टरांना तुम्हीही फिरवून आणाल. त्यामुळे हा विषय बाजूला काढू आणि उरलेल्या प्रश्नाकडे वळू.

पॅरामेट्रिक हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी फिरतो. तुमच्या ज्युनिअरचं आणि मैत्रिणीचं जुळत नाही ते त्यामुळेच. एक अर्थ दिसण्याचा: लाटेसारखी छपरं, माशाच्या खवल्यांसारखी दर्शनी भिंत. झाहा हदीद यांच्या ऑफिसातले पॅट्रिक शूमाखर यांनी २००८ मध्ये त्याला ‘पॅरामेट्रिसिझम’ असं शैलीचं नावच देऊन टाकलं. दुसरा अर्थ जुना आणि साधा: मापं सुटी ठेवायची नाहीत, एकमेकांना बांधायची, एक हललं की बाकीची त्याच्यामागे हलतात. इटलीचे लुईजी मोरेत्ती १९४० च्या दशकात, संगणक हाताशी नसताना, ‘पॅरामेट्रिक वास्तुकला’ म्हणत होते. आपल्याकडचा वाड्याचा सुतार शब्द न वापरता तेच करायचा. तुळईला लाकूड केवढं मिळतंय त्यावर खण, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, ठरायचा, घर किती खणांचं ते मालकाच्या ऐपतीवर, आणि मग खांब, कड्या, वरचं माळवद सगळं त्या खणाच्या हिशेबानं. ज्युनिअर पहिल्या अर्थाने बोलतोय, मैत्रीण दुसऱ्या. तुमच्या ऑफिसला गरज आहे ती दुसऱ्याची.

आता एक जिना घेऊ. मजल्याची उंची १० फूट, म्हणजे १२० इंच. सहा इंचांचा रायझर, म्हणजे एका पायरीची उंची, धरला तर २० रायझर. मध्ये लँडिंग घेऊन दहा-दहाच्या दोन फ्लाइट, म्हणजे जिन्याचे दोन सलग टप्पे. प्रत्येक फ्लाइटला नऊ ट्रेड, म्हणजे पाय ठेवायच्या जागा (दहावं पाऊल लँडिंगवर किंवा वरच्या मजल्यावर पडतं), दहा इंची ट्रेड धरला तर ९० इंच लांबी. मालक म्हणतात, ‘मॅडम, फॉल्स सीलिंग करायचंय, मजला ११ फूट घ्या.’ ऑटोकॅडमध्ये तुमचे काका काय करतात? सेक्शन (उभा छेद) बदलतात, मग प्लॅन, मग एलेव्हेशन (बाहेरून दिसणारी बाजू), मग लँडिंगच्या बीमचा डिटेल, आणि यातलं एखादं ड्रॉइंग जुनंच राहून साइटवर जातं. रेव्हिट किंवा आर्किकॅडमध्ये जिना मजल्याला बांधलेला असेल आणि रायझरची मर्यादा सहा इंचांवर टाकलेली असेल, तर तुम्ही लेव्हल, म्हणजे मजल्याच्या उंचीची रेघ, एक फुटानं वर नेली की सॉफ्टवेअर म्हणतं: २२ रायझर. लँडिंग मधोमध ठेवलं तर अकरा-अकरा, दहा-दहा ट्रेड, फ्लाइट १०० इंच. सगळ्या ड्रॉइंगांत एका दमात.

म्हणजे प्रत्येक फ्लाइट दहा इंचांनी वाढली. हे दहा इंच कुठून आले? लँडिंगमधून कापले? मागे मोकळ्या सोडायच्या मार्जिनमध्ये घुसले? शेजारच्या खोलीत गेले? की रायझरच ६.६ इंचांचा करून २० च ठेवायचे? घरात तेवढा चालून जातो, पण घरातल्या आजींच्या गुडघ्यांना विचारूनच. हॉस्पिटलात नियम त्याहून कडक. सॉफ्टवेअर मापं हलवतं. कुठलं माप हलू द्यायचं आणि कुठल्याला हात लावायचा नाही, हे त्याला आधी माणसानं सांगावं लागतं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं काम होतं, खाली दुकानं, वर राहतं घर. मॉडेलवर केलेलं माझं दुसरंच काम, त्यामुळे अंगात वारं शिरलेलं. मालकांना शटरच्या वर मोठी पाटी हवी होती, म्हणून खालचा मजला १० चा १२ फूट झाला. मी लेव्हल ओढली, सगळी ड्रॉइंग आपसूक बदलली, रात्री अकराला प्रिंट काढले. सेक्शन प्लॅनशी जुळत होता, प्लॅन एलेव्हेशनशी. सकाळी मिस्त्रींनी प्लिंथवर चुन्याच्या रेघा मारल्या. पहिल्या पायरीच्या रेघेवर उभे राहिले, दाराची फळी हातानं हवेत उघडून दाखवली आणि म्हणाले, ‘बाई, दार उघडलं की पायरीवरच आपटतंय की वो.’ २४ रायझरचा जिना वीस इंच पुढे सरकून दाराच्या वाटेत आला होता. कागद सगळे एकमेकांशी जुळत होते आणि सगळेच चुकलेले होते. हातानं काढलं असतं तर प्लॅन उघडावाच लागला असता आणि दार दिसलं असतं. आपोआप बदललंय म्हणून मी तो उघडलाच नाही. नुकसान चुन्याचं झालं, पण त्या गावाचं नाव निघालं की अजून कान गरम होतात.

त्याच उंचीबद्दल आणखी एक. खालचा मजला १० चा १२ करणं ही नुसत्या जिन्याची गोष्ट नाही. खाली शटर आणि उंच खांब, वर विटांच्या भिंतींनी भरलेली खोल्यांची रांग. खालचा मजला वरच्यापेक्षा लवचिक होतो आणि भूकंपात खांब तिथेच मोडतात. इंजिनिअर लोक याला सॉफ्ट स्टोरी म्हणतात. तुम्ही लातूरच्या, तुम्हाला मी काय सांगू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत किल्लारीचा भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, आणि जाड दगडमातीच्या भिंती व माळवदाचं वजन यांनी झोपेतली माणसं गाडली. मॉडेलमध्ये तुम्ही उंची ओढता तेव्हा आर्किटेक्टचे खांब उंच होतात, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं गणित जिथल्या तिथे राहतं. म्हणून ऑफिसात पहिल्या दिवसापासून एक रीत पाडा: इंजिनिअरनी ठरवलेल्या खांबांच्या ग्रिडच्या रेषा आणि मजल्यांच्या लेव्हल कुलूपबंद. रेव्हिटमध्ये पिन मारून ठेवता येतात. पिन काढायची तर आधी इंजिनिअरना फोन.

तर काका. मला तुमच्या पत्रातलं सर्वांत खटकलेलं वाक्य तेच. ‘या वयात त्यांना जमणार नाही.’ विचारलंत का त्यांना? ट्रेसिंग पेपरवर ब्लेडनं खरवडून जिना दुरुस्त करणाऱ्या माणसाला दहा इंच कुठून येतात हे पाठ असतं, कारण प्रत्येक वेळी ते त्याला स्वतःला शोधावे लागलेत. ट्रेसिंगवरून ऑटोकॅडवर ते आलेच ना? तेव्हाही कोणीतरी असंच म्हटलं असेल. ज्युनिअरला सॉफ्टवेअर येतं, काकांना कशाला काय बांधलेलं असतं ते येतं, आणि पॅरामेट्रिक कामाला दोन्ही लागतं. दोघांना एकाच स्क्रीनपुढे बसवा. माउस ज्युनिअरच्या हातात, बोलणं काकांचं. आठवड्यात भांडतील, महिन्यात काका म्हणतील, ‘सरक जरा, मी बघतो.’ नाहीच जमलं तरी मंजुरीची ड्रॉइंग आहेतच. महापालिकेच्या ऑनलाइन मंजुरीला शेवटी ठरावीक लेयरमधलं द्विमितीय ड्रॉइंगच लागतं, आणि डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली तिच्यातली मार्जिनं, पार्किंग आणि एफएसआय कोळून प्यायलेला माणूस कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा महाग आहे.

आता कोणतं घ्यायचं. त्याआधी एक संध्याकाळ द्या. गेली तीन पूर्ण झालेली कामं काढा आणि मंजुरीनंतर काय काय बदललं ते वहीत लिहा. मालकानं काय बदललं, इंजिनिअरनं काय, साइटनं काय. प्रत्येक बदलाला दोन्ही ड्राफ्ट्समनचे मिळून किती दिवस गेले, तेही. ही यादी कोणत्याही विक्रेत्याच्या डेमोपेक्षा जास्त बोलेल. तुमची कामं वाचून मला त्या यादीचा अंदाज येतो: होस्टेलच्या खोल्या वाढल्या-घटल्या, सगळ्या खिडक्या चारच्या पाच फुटी झाल्या, मजल्याची उंची बदलली, टॉयलेट ब्लॉक सरकला. म्हणजे तेच ते घटक खूपदा, आणि प्रत्येक बदलानंतर ड्रॉइंगांचा आख्खा संच पुन्हा.

यादी अशीच निघाली तर रेव्हिट किंवा आर्किकॅड, या दोघांतलंच एक. रेव्हिट २००० मध्ये बाजारात आलं, २००२ मध्ये ऑटोडेस्कनं ती कंपनीच विकत घेतली. त्याचं नाव ‘रिव्हाइज इन्स्टंटली’ वरून, म्हणजे ‘लगेच सुधारा’, आणि त्याचा सगळा जीव त्या दोन शब्दांत आहे. ६० खोल्यांच्या होस्टेलात खिडकीचा एक नमुना बदला, साठही बदलतात, अ‍ॅल्युमिनियमवाल्याला द्यायचा खिडक्यांचा तक्ता त्याच क्षणी दुरुस्त होतो. नमुन्यांना रेव्हिटमध्ये ‘फॅमिली’ म्हणतात. (पत्रातल्या फॅमिलीपेक्षा ही बरीच ऐकते.) मात्र सोबत येणारी लायब्ररी आपली नसते. ग्रिल आणि मच्छरजाळीची खिडकी, ओटा, देवघर, धुणं-भांड्याची मोरी, गच्चीवरची टाकी हे सारं तुम्हालाच बनवून घ्यावं लागेल. सुरुवातीचा महिना त्यातच जाईल असं धरा. तो वाया गेला असं समजू नका. ऑफिसची खरी मालमत्ता तीच.

रेव्हिटच्या खोडीही ऐकून ठेवा. फक्त विंडोजवर चालतं. कायमचं विकत मिळत नाही, वर्गणी भरत राहायची. आणि नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, मागे उतरवायची सोयच नाही. म्हणून कन्सल्टंटकडे कुठली आवृत्ती आहे हे काम सुरू करतानाच विचारायचं आणि काम संपेपर्यंत तीच धरून राहायचं. स्वस्तातलं रेव्हिट एलटी आहे. त्यात दोघांनी एकाच मॉडेलवर एकाच वेळी काम करता येत नाही, बाहेरचे प्लगइन चालत नाहीत, डायनॅमोही नाही. डायनॅमो म्हणजे रेव्हिटमधला ग्रासहॉपरचा चुलतभाऊ. ज्युनिअर नाक मुरडेल. मुरडू द्या. एका संगणकावर सुरुवात करणाऱ्या ऑफिसाला एलटी पुरतं.

आर्किकॅड त्याहून जुनं, बुडापेस्टच्या ग्राफिसॉफ्टचं, १९८० च्या दशकातलं. हाताला हलकं लागतं, मॅकवरही चालतं, मागच्या आवृत्तीत फाइल साठवता येते, आणि डिझाइन करणाऱ्या माणसाला ते लवकर आवडतं. मला स्वतःला त्यातले सेक्शन जास्त देखणे वाटतात, हा माझा पक्षपात. अडचण माणसांची आहे. मराठवाड्यात रेव्हिट शिकवणारे क्लास सापडतात, आर्किकॅडचे शोधावे लागतात. तुमचा शिकलेला ड्राफ्ट्समन उद्या संभाजीनगरला निघून गेला तर त्याच्या जागी कोण, हा प्रश्न विक्रेत्याला विचारा आणि तो किती वेळ गप्प राहतो ते बघा. ऑफिसात आधीपासून मॅक असतील तर मात्र आर्किकॅडच.

रायनो आणि ग्रासहॉपरबद्दल ज्युनिअर चुकीचं बोलत नाही, फक्त ते तुमच्या कामाला धरून नाही. सिअ‍ॅटलच्या मॅकनील कंपनीचं रायनो, त्यावर डेव्हिड रटन यांनी २००७ पासून घडवलेला ग्रासहॉपर. रायनोच्या सहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, तो आतच येतो. स्क्रीनवरचे डबे तारांनी जोडायचे, स्लायडर सरकवायचा, आकार डोळ्यांसमोर हलतो. पण त्याला भिंत म्हणजे भिंत हे ठाऊक नसतं, आकार ठाऊक असतो. दारांचा तक्ता आपसूक मिळत नाही.

कामाला येतं कुठे, ते सांगते. लातूर साधारण १८.४ अंश अक्षांशावर. मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र समान असतात तेव्हा दुपारी सूर्य दक्षिणेला साधारण ७१.६ अंशांवर. चार फूट उंच दक्षिण खिडकी पूर्ण सावलीत आणायला छज्जा किती? चार भागिले टॅन ७१.६, म्हणजे सव्वा फुटाच्या जरासा वर. आपले गवंडी न विचारता दीड फूट काढतात, ते बरोबरच आहे. मेच्या मध्यावर तर सूर्य थेट डोक्यावर, तेव्हा मार बसतो तो स्लॅबला. पण पश्चिमेला? सूर्य ३० अंशांवर उतरला आणि समोरून आला की त्याच खिडकीला जवळजवळ सात फुटी छज्जा लागेल. म्हणजे छज्जा तिथे कुचकामी. उभे फिन, म्हणजे खिडकीबाहेरच्या उभ्या पट्ट्या, नाहीतर जाळी हवी. एका खिडकीसाठी हे कॅल्क्युलेटरवर होतं, ग्रासहॉपर कशाला? पण पश्चिमेकडे तोंड करून पाच मजली होस्टेल उभं आहे, फिनचा कोन, खोली आणि अंतर तिन्ही बदलून बघायचंय, प्रत्येक वेळी किती ऊन आत येतं ते मोजायचंय आणि पत्र्याचा खर्चही आवरायचाय, तेव्हा ग्रासहॉपर आणि त्यावर चालणारं, ऊन मोजणारं फुकटचं लेडीबग यांना तोड नाही. लेडीबगला हवामानाची फाइल लागते. संभाजीनगरची, जुन्या औरंगाबाद नावानं, मिळते. तसं काम आलं की रायनो घ्या. ते एकदाच पैसे देऊन मिळतं, वर्गणी नाही, आणि २०२० च्या सातव्या आवृत्तीपासून ते रेव्हिटच्या आत बसूनही चालतं, पण त्यासाठी पूर्ण रेव्हिट लागतं, एलटी नाही. ज्युनिअरनं शिकत असताना विद्यार्थी म्हणून रायनोचं लायसन्स घेतलं असेल तर मॅकनीलच्या नियमांत त्यावर धंद्याचं काम बसतं. ऑटोडेस्कच्या विद्यार्थी आवृत्तीवर बसत नाही. पण ते लायसन्स त्याचं, ऑफिसचं नव्हे. तो गेला की तेही गेलं, आणि मागे उरते तारांची गुंतवळ, जिच्यात तो सोडून कोणाला काही कळत नाही. म्हणून अट घाला: प्रत्येक गठ्ठ्याला मराठीत नाव दिल्याशिवाय फाइल साठवायची नाही.

फुकटातलं काय, असं इतर वाचक विचारतील, विशेषतः एकट्यानं काम करणारे. फ्रीकॅडची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली, तिच्यात इमारतीसाठीची साधनं आतच आहेत. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर चालणारं बोन्साय, आधीचं ब्लेंडरबिम, आयएफसी फाइलवर थेट काम करतं. आयएफसी म्हणजे सगळ्या कंपन्यांच्या मधली सामाईक भाषा. दोन्ही शिकायला उत्तम, ज्याला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा थोडी येते त्याला तर मेजवानी. पण सोमवारी साइटला ड्रॉइंग द्यायचंय अशा ऑफिसानं आपला मुख्य भार त्यांच्यावर टाकावा असं मी अजून म्हणणार नाही. स्केचअप टाकून देऊ नका. पहिल्या भेटीत मालकापुढे खोकी सरकवायला त्याच्याइतकं चपळ काही नाही.

पाच हजारांत ‘सगळं टाकून देणाऱ्या’ माणसाला चहा पाजून परत पाठवा. चोरीची प्रत ही कायद्याची भानगड आहेच, शिवाय तिच्यासोबत काय काय आत शिरतं ते कळत नाही, आणि नऊ वर्षांची ड्रॉइंग त्याच संगणकावर असतात.

सासऱ्यांचं म्हणणं मला वेडगळ वाटत नाही. प्लेट भाड्यानं जाते, जुनी झाली तरी भंगारात किलोवर विकते. वर्गणी संपली की हातात काही उरत नाही. त्यांच्याशी ‘काळाबरोबर जायला हवं’ असं बोलू नका, त्यांच्या भाषेत बोला. वहीतली ती यादी पुढे ठेवा: तीन कामांत फेरबदलांवर एवढे दिवस गेले, माणसांचा पगार एवढा, म्हणजे वर्षाला एवढे. समोर वर्गणीचं लेखी कोटेशन, शिकण्याचे दोन महिने, संगणकाची रॅम ३२ जीबी करण्याचा खर्च आणि यूपीएसच्या नव्या बॅटऱ्या. (हे विसरू नका. लाइट गेली की मोठं मॉडेल कसं मरतं हे पुण्याच्या मैत्रिणीला माहीत नसेल.) आकडा उलटा निघाला तर सासरे बरोबर; प्लेटा घ्या, सॉफ्टवेअर पुढच्या वर्षी. ठेकेदाराला हिशेब दाखवलेला आवडतो, आणि स्लॅबचं काँक्रीट मॉडेलमधून किती घनमीटर निघतं ते त्यांच्याच एखाद्या कामावर काढून दाखवलंत तर तेच विचारतील, विटांचंही निघतं का?

मला आत्ता विचाराल तर: एका संगणकावर रेव्हिट एलटी, बाकी तीन जण आहेत तिथेच, रायनो पश्चिमेकडचं होस्टेल येईल तेव्हा. पण माझ्या शब्दावर पैसे घालू नका, तालीम करा. चालू काम घेऊ नका. बांधून झालेलं, ज्याची प्रत्येक पायरी काकांना पाठ आहे असं एक दुमजली काम घ्या आणि दोन्ही सॉफ्टवेअरांच्या मोफत चाचणीत ते पुन्हा उभं करा. मग तेच चार बदल दोन्हीकडे: मजला १० चा ११ फूट, एक खांबांची रांग नऊ इंच सरकवणं, सगळ्या खिडक्या चारच्या पाच फुटी, एक टॉयलेट उलटं फिरवणं. प्रत्येक बदलानंतर काकांनी आधी कागद न बघता सांगायचं की काय काय हललं पाहिजे, मग स्क्रीन बघायची. शेवटी डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची फाइल, काढून एक प्रत इंजिनिअरना आणि एक मंजुरीचं काम बघणाऱ्या ड्राफ्ट्समनला. त्यांनी लेयर बघून कपाळाला हात लावला, तर तेही वहीत लिहा.

रेव्हिट आणि आर्किकॅडची चाचणी ३० दिवसांची असते, रायनोची ९०. दिवस सुरू केल्याक्षणापासून मोजले जातात, त्यामुळे लग्नसराईच्या किंवा दिवाळीच्या तोंडावर बटण दाबू नका. आणि दोन्ही एकदम सुरू करू नका; काकांचा एक महिना एकाला, पुढचा दुसऱ्याला.